माहिती पुरते का?

सुरुवातीला एक कोडे घालतो. दोन वाटसरू एकाच गावाहून एकाच वेळी पायी निघाले. पहिला तासाला ६ किलोमीटर चालतो, दुसरा साडेतीन. पहिला किल्लारीला पोचला आणि बरोबर ५ तासांनी दुसरा आला. तर ते किती दुरून आले?

मी किल्लारीत गणित शिकवतो. वर्गात हे कोडे घातले तेव्हा एक जण लगेच म्हणाला, "सर, निघायची वेळ दिली नाही, अंतर बी नाही. गणितच चुकलंय." पूर्वी अशा वेळी मी फळ्यावर 'क्ष' मांडून मोकळा व्हायचो. मुले उतरवून घ्यायची आणि परीक्षेत आकडे बदलले की अडायची. चूक माझी होती. त्या दिवशी मी खडू खाली ठेवला आणि थांबलो.

दहा मिनिटांनी मागच्या बाकावरची मुलगी उठली. तिने अंतर २१ धरून पाहिले होते. पहिल्याला साडेतीन तास, दुसऱ्याला सहा, म्हणजे फरक अडीच तासांचा. "आपल्याला पाच पायजे सर, मग अंतर बी दुप्पट. बेचाळीस!" 'क्ष' त्यानंतर आला, पण तेव्हा तो कुणाला परका वाटला नाही.

मी पुढे विचारले, मग ते गाव कोणते? "लातूर!" लातूर साधारण तेवढेच दूर आहे. पण दुसरा म्हणाला, "बेचाळीसवर तर चारी बाजूंनी गावं हायेत." वाट सरळ धरून आम्ही कंपासने वर्तुळ काढले. वर्तुळावरचे प्रत्येक ठिकाण शक्य होते. दुसऱ्या गावापासूनचेही अंतर कळले, तर दोन वर्तुळे सहसा दोन बिंदूंत छेदतात. तिसऱ्या वर्तुळाने एकच बिंदू उरतो.

आता मी वाटसरूंची ओळख सांगितली. भूकंप झाला की जमिनीतून दोन लहरी एकाच वेळी निघतात. प्राथमिक लहर वेगाने पुढे येते, दुय्यम मागून. तासाच्या जागी सेकंद घाला, वेग जवळपास हेच. यंत्रावर दोन्हींमधले सेकंद मोजले की अंतर कळते आणि तीन ठिकाणच्या नोंदींवरून भूकंपाचे अपिकेंद्र सापडते.

वर्ग शांत झाला. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट. जवळपास दहा हजार माणसे गेली. ही मुले तेव्हा जन्मलेली नव्हती, पण त्यांच्या घरात ती पहाट अजून आहे. एकाने हळूच विचारले, "सर, मग पुढचा कवा येणार, ते बी काढता येईल?"

मी म्हणालो, नाही. त्या प्रश्नाला पुरेल अशी माहिती आज जगात कुणाकडेही नाही. अमुक रात्री भूकंप येणार असे कुणी सांगितले, तर त्याला विचारा, कशावरून काढले? भूकंपानंतर अफवांपायी आमच्याकडची माणसे थंडीत उघड्यावर झोपली आहेत. माहिती पुरते की नाही हे ओळखणे आमच्या गावात परीक्षेपुरते नाही.

पालक म्हणतात, कोड्यांत वेळ जातो, अभ्यासक्रम कधी संपणार? अंतर, वेग, त्रैराशिक, समीकरण, वर्तुळ, सगळे त्या दोन तासिकांत आलेच की. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणारे द. रा. कापरेकर अंकांशी असेच खेळत राहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले.

त्यांचेच एक कोडे आज घरी करून पाहा. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावा. फार तर सात वेळा करावे लागेल. शेवटी काय येते, ते मी सांगणार नाही. तुम्हीही मुलांना सांगू नका.