नळाचे पाणी आणि घरचा फिल्टर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने देशातील एकवीस शहरांच्या नळाच्या पाण्याचे तपासणी-निष्कर्ष जाहीर केले. मुंबईचे दहाही नमुने सर्व कसोट्यांस उतरले. दिल्लीच्या अकरांपैकी एकही उतरला नाही. मुंबईकरांची छाती अर्थातच फुगली. परंतु ज्या वस्तीत पावसाळा लागला की जुलाब आणि कावीळ घरोघर फिरू लागतात, तेथील मायभगिनींना हा निकाल कोणत्या तोंडाने सांगावा? नमुने खोटे नव्हते. दहा नमुन्यांवरून एका महानगराचे पाणी कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी चांगले असते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ते बिघडते ते वाटेत. आपल्या शहरांत पाणी चोवीस तास येत नाही; ठरावीक तास येते आणि मग जलवाहिनी रिकामी पडते. भरलेल्या नळातून गळती बाहेर होते, रिकाम्या नळात ती आत होते. वस्त्यांमध्ये तर नळाच्या जोडण्या गटाराच्या कडेने, कित्येकदा गटारातूनच नेलेल्या असतात. सांधा सैल झालेला असला की दाब उतरताच गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यात शेजारच्या इमारतीने नळाला थेट पंप लावला असेल तर ही ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत जे गढूळ पाणी येते, ते या रात्रीच्या व्यवहाराचे फळ होय.

यावर क्लोरिनचा पहारा असतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असले पाहिजे. पाण्याला येणारा तो वास पुष्कळांना नकोसा वाटतो. वस्तुतः तो सौम्य वास ही दिलाशाची खूण आहे. मात्र क्लोरिन म्हणजे सर्व काही नव्हे. १९५५ साली दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर वजिराबादच्या जलकेंद्रात शहराचे सांडपाणी शिरले. तेथील अभियंत्यांनी क्लोरिनची मात्रा वाढवली, विषमज्वराची साथ आली नाही. पण त्यानंतरच्या काही आठवड्यांत सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. गढूळ पाण्यातला विषाणू क्लोरिनला पुरून उरला. आणि हे केवळ इतिहासातले प्रकरण नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत, गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने निघाले, तेव्हाही संशयाची सुई पाण्याकडेच वळली होती. गावे हद्दीत घेतली, घरपट्टी सुरू झाली, परंतु पूर्ण शुद्धीकरण केंद्र काही त्यांच्याबरोबर आले नव्हते.

आता घरच्या उपायांकडे वळू. तुरटीने किंवा निवळीच्या बीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. दुपदरी फडक्याने गाळणे चांगले, पण तेवढ्याने भागत नाही. क्लोरिनचे थेंब किंवा गोळी निवळलेल्या पाण्यात, वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. सर्वांत स्वस्त मार्ग हाच. मातीच्या कँडलचा फिल्टर गाळ आणि बहुतेक जंतू अडवतो, विषाणू अडवण्याची खात्री देत नाही. अतिनील किरणांचे यंत्र चांगले, पण पाणी स्वच्छ हवे आणि वीज हवी. खळखळून एक मिनिट उकळलेल्या पाण्यात मात्र जंतू, विषाणू, अमीबा यांपैकी काहीही टिकत नाही. अर्थात शिसे, नायट्रेट किंवा फ्लोराईड उकळून जात नाही. पाणी आटते आणि ते किंचित दाटच होते.

आणि उकळण्यालाही किंमत आहे. माझा ढोबळ हिशेब असा की, रोज दहा लिटर पाणी उकळायचे तर वर्षाला घरगुती गॅसचे अडीच ते तीन सिलिंडर त्यातच जातात. ज्या घरात वर्षाचे सिलिंडर मोजूनमापून वापरले जातात, त्या घराला ‘उकळून प्या’ असा फलक दाखवणे म्हणजे महापालिकेने आपले बिल गृहिणीच्या चुलीवर टाकणे होय.

‘आर.ओ.’ यंत्राचे प्रस्थ मात्र मला समजलेले नाही. समुद्राचे किंवा बोअरचे खारे पाणी गोडे करण्यासाठी ही युक्ती. मुंबईच्या तलावांचे पाणी मुळातच मऊ. त्यातील क्षार पाचशे मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या फारच आत असतात. तरीही हजारो घरांत हे यंत्र लावले जाते आणि एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडले जाते. जेथे क्षार पाचशेच्या आत आहेत तेथे या यंत्रांवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सांगितले होते. बाजाराने ते मनावर घेतले असे दिसत नाही.

माझा खरा आक्षेप यंत्राला नाही. ज्याच्या घरी यंत्र आले त्याचे नळाच्या पाण्याशी असलेले भांडण संपते, आणि नेमके त्याचेच पत्र वॉर्ड ऑफिसात वाचले जात असते. मृणालताई गोरे यांना गोरेगावने ‘पाणीवाली बाई’ म्हटले, तेव्हा त्यांच्या मोर्चात चाळीतली आणि बंगल्यातली बाई एकाच नळाच्या तक्रारीसाठी येऊ शकत होती. आज ती तक्रारच विभागली गेली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, घर अनधिकृत असले तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असा निवाडा दिला. तो अंमलात आणण्यासाठी मात्र वस्तीलाच एकटीने झगडावे लागले.

आपल्यापैकी काही साथी म्हणतात, लोकांना गोळ्या वाटल्या तर लढ्याची धार बोथट होईल. मला हे पटत नाही. जुलाबाने कोमेजलेले मूल जलवाहिनी बदलण्याची वाट पाहू शकत नाही. गोळी आज द्यावी आणि अर्जही आजच द्यावा.

त्यासाठी साधन स्वस्त आहे. आरोग्यसेवक वापरतात ती क्लोरोस्कोपची छोटी पेटी घ्या. नळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांनी आणि पाणी जाण्याआधी, अशी दोनदा ओ.टी. चाचणी करा, पाणी पिवळे झाले नाही तर क्लोरिन नाही. गल्ली, तारीख, वेळ वहीत लिहा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. पंधरा दिवसांच्या नोंदी घेऊन जल अभियंत्याकडे जा आणि त्याच गल्लीच्या नमुन्याची जंतुतपासणी मागा. शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नसावा, असे मानक आहे. इमारतींतल्या साथींनी आपल्या सोसायटीची टाकी शेवटी कधी धुतली याचीही नोंद आणावी, म्हणजे पुढच्या बैठकीत दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहता येतील.