रुंद पानांची पिलं



मी तापीकाठच्या बऱ्हाणपुरातून, राजपुऱ्यातून आलो आहे. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय क्रेडिट कार्डाचा आहे. कार्ड म्हणजे काय, बिल कसं येतं, पिन कुणाला सांगायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. कोणतं कार्ड घ्यावं हेही सांगणार नाही, ते सांगणारे जागोजागी टेबल मांडून बसले आहेत. कोणत्या कार्डासाठी अर्जच करू नये, एवढंच सांगायला आलो आहे.

मी चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी ओट्यावर बसलो की कुणी ना कुणी हातात पाकीट घेऊन येतं. मागच्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा आला. पॉवरलूमच्या कारखान्यात हिशेब लिहितो, पगार बेताचा. त्याने ओट्यावर चार कार्डं ओळीने मांडली. त्यातलं एक काळं, सोनेरी अक्षरांचं, हातात घेतलं तर जड. त्याच्याबरोबरचं पत्र मी चष्मा लावून वाचलं. वर्षाचं शुल्क ४९९ रुपये, अधिक जीएसटी. सवलत काय, तर विमानतळावरच्या लाउंजमध्ये मोफत प्रवेश. तोही आदल्या तीन महिन्यांत ठरावीक रक्कम खर्च झाली असेल तरच. मी विचारलं, "बाळा, विमानात कधी बसलास?" म्हणाला, "नाही काका."

आता बघा, आमच्या गावाहून विमान उडत नाही. इंदूर जवळजवळ १८० किलोमीटर, जळगाव शंभराच्या आसपास. मुंबईला जायचं तर आम्ही स्टेशनवर जाऊन गाडी धरतो. मग लाउंजचे पैसे हा मुलगा कशाला भरतो?

यावरून एक आठवतं. शहापूरला माझ्या मामांचा केळीचा मळा होता. सुट्टीत मी तिथे असायचो. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात, पुस्तकात त्यांना मुनवे म्हणतात. मामा हातात विळा देऊन सांगायचे, पिलं काप, नाहीतर घडात जायचं ते खत-पाणी हीच खाऊन टाकतील. एकदा मी एक पील राखून ठेवलं. मोठं, रुंद पानांचं, हिरवंगार. मामांनी तेच आधी कापलं. म्हणाले, रुंद पानांचं पील दिसतं छान, पण त्याचा कंदाशी जोड कच्चा असतो. राखायचं ते अरुंद, तलवारीसारख्या पानाचं. ते दिसायला किडकिडीत असतं, पण त्याला खाली बळ असतं.

ते काळं कार्ड म्हणजे रुंद पानांचं पील. दिसायला हिरवंगार, आणि खातं तुमच्या पगारातलं.

ओळखायचं कसं? कागदावर दोन आकडे लिहा. पहिला, वर्षाला कार्ड माझ्याकडून किती घेणार. दुसरा, माझ्या आजच्या खर्चावर ते मला किती देणार. आजच्या खर्चावर, कार्ड आल्यावर वाढणाऱ्या खर्चावर नाही. त्या मुलाबरोबर मी हेच केलं. ४९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की ५८९ रुपये झाले. कार्ड खरेदीवर एक टक्का परत देतं. म्हणजे वर्षात जवळजवळ ५९ हजारांची खरेदी या एकाच कार्डावर झाली, तेव्हा कुठे शुल्क फिटणार. फायदा त्यानंतर. पुन्हा बरीच कार्डं पेट्रोल, घरभाडं, वीजबिल, विमा यांवर पॉइंट देत नाहीत किंवा अगदी कमी देतात. आणि त्या मुलाचा मोठा खर्च तोच आहे. साठलेले पॉइंट वटवायलाही काही बँका वेगळं शुल्क घेतात.

पेट्रोलच्या कार्डाचंही हेच. मोटारसायकलला महिन्याला दोन हजारांचं पेट्रोल लागत असेल, तर एक टक्का अधिभार माफ झाला म्हणजे वीस रुपये वाचले. वर्षाचे २४०. त्यासाठी पाचशेचं शुल्क भरू नका. दुकानाच्या नावाचं कार्ड असेल तर त्या दुकानात तुम्ही वर्षातून किती वेळा जाता ते आठवा. आणि "वर्षात एक लाख खर्च केला की शुल्क माफ" असं लिहिलेलं असेल तर तिथे जास्त सावध व्हा. पाचशे रुपये वाचवायला फेब्रुवारी-मार्चमध्ये नको ती खरेदी करणारी माणसं मी पाहिली आहेत. शिकली-सवरलेली माणसं. राग येतो, पण त्यांचाच दोष आहे असं मी म्हणणार नाही, कारण पत्रकच तसं लिहिलेलं असतं.

आणखी एक. आपल्याकडे भाजीवाल्यापासून किराण्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागला आहे. यूपीआयला जोडता येतं ते रुपे क्रेडिट कार्ड. इतर कार्डांना मशीन लागतं, आणि आमच्या इतवाऱ्यात किती दुकानांत मशीन आहे ते एकदा मोजून या. जे कार्ड तुमच्या रोजच्या दुकानात चालत नाही, त्याच्यासाठी अर्ज कशाला? तेच दोन आकडे पुन्हा, दुसरा आकडा इथे शून्याजवळ येतो.

आता माझ्या शेतकरी भावांसाठी. किसान क्रेडिट कार्ड, १९९८ साली सुरू झालेलं, आणि हे बाजारातलं क्रेडिट कार्ड, नाव सारखं म्हणून एका जातीचं समजू नका. किसान कार्ड हे पीककर्ज आहे. तीन लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, वेळेवर फेडलं तर सवलतीने ४ टक्के. बाजारातल्या कार्डाचं बिल थकलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२, वर त्या व्याजावर जीएसटी.

केळी लावल्यापासून पैसे हातात यायला वर्ष लागतं. कार्डाचं बिल फार तर पन्नास दिवसांत भरायचं असतं. वर्षाचं पीक आणि पन्नास दिवसांची उधारी, यांचा मेळ बसणारच नाही. वीस हजारांचं खत कार्डावर घेतलं आणि ते थकलं, तर महिन्याला ७०० रुपये व्याज आणि १२६ रुपये जीएसटी, एकूण ८२६. दहा महिन्यांत सव्वाआठ हजारांच्या वर, आणि वीस हजारांचं मुद्दल तसंच उभं. तेच खत किसान कार्डावर घेतलं तर सात टक्क्यांनीसुद्धा बाराशेच्या आत भागतं. तेव्हा बी-खत-मजुरीसाठी या कार्डाला अर्ज करू नका. कितीही पॉइंट देवोत.

व्याजाला कुणीतरी लगाम घालेल, अशा भरवशावर राहू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली सांगितलं होतं की थकलेल्या बिलावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा आहे. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. म्हणून ज्याचं बिल दोनदा-तीनदा थकलं आहे, त्याने सवलतींचा विचारच सोडावा. एक टक्का मिळवायचा आणि ४२ टक्के भरायचे, हा धंदा नाही. "किमान रक्कम भरा" असं बिलावर लिहिलेलं असतं. ती भरली म्हणजे बिल भरलं, असं समजणारे माझ्या ओट्यावर दर महिन्याला येतात. ताई, दादा, तसं नाही. बाकीवर व्याज चालू राहतं, आणि नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून लागतं.

केळीचा चीक सदऱ्याला लागला तर धुऊन जात नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. थकलेल्या बिलाचा डाग तसाच, सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत वर्षानुवर्षं राहतो. आणि नुसता अर्ज केला तरी त्याची नोंद होते. महिन्याभरात चार ठिकाणी अर्ज केले तर पुढची बँक समजते की हा अडचणीत आहे. उद्या घराचं कर्ज हवं असेल तेव्हा ते आडवं येतं. म्हणून मी "घेऊन बघा, नाही आवडलं तर बंद करा" असं म्हणत नाही. अर्जाच्या आधी कागद. आधी दोन आकडे, मग सही. आपली नोंद वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून फुकट मिळते, ती मागवून वाचा.

तरुण मुलांच्या पहिल्या कार्डाबद्दल, मुदत ठेवीवर मिळणाऱ्या कार्डाबद्दल बोलायचं होतं. समोरून वेळ संपल्याची खूण करताहेत, ते राहू द्या.

ज्यांच्याकडे नको असलेली कार्डं आधीच आहेत, त्यांच्यासाठी एवढं ऐका. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. न मागता कार्ड पाठवता येत नाही. पाठवून पैसे लावले, तर बँकेला ते परत करून वर दुप्पट दंड तुम्हाला द्यावा लागतो. बाकी शून्य असेल आणि तुम्ही कार्ड बंद करायला सांगितलं, तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे. नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तुम्हाला मिळतात.

त्या मुलाने चारातली तीन बंद केली. आधी बाकी भरली, मग लेखी अर्ज दिला आणि पोच माझ्याकडे आणून दाखवली. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.