मोतीबिंदू भिंगाचा, कसोटी पारपटलाची

‘मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आत नवं भिंग बसलं, मग पुन्हा चष्मा कशाला?’ नेत्रतज्ज्ञांना हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो. याचं उत्तर पुष्कळदा भिंगात नसून डोळ्याच्या अगदी पुढच्या काचेत असतं. ही काच म्हणजे पारपटल, अर्थात कॉर्निया.

मोतीबिंदूत डोळ्याचं नैसर्गिक भिंग गढूळ होतं. पण प्रकाश दृष्टिपटलावर एकवटण्याचं काम एकटं भिंग करत नाही. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ डायॉप्टरच्या आसपास वाटा पारपटलाचा असतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याची गोलाई जराशी बदलली, तरी नजरेत फरक पडतो. आणि भिंगापर्यंत पोचायचं, तर पारपटलाच्या कडेला छेद घ्यावाच लागतो.

छेद घेतला, की त्या दिशेला पारपटल किंचित सपाट होतं आणि काटकोनातल्या दिशेला फुगीर होतं. यातून येतो तो सिलिंडरचा नंबर. पूर्वी १० ते १२ मिलिमीटरचा छेद घेऊन टाके घालत. टीप घट्ट पडली की कापडाला चुण्या पडतात, तसं पारपटल टाक्यांनी ओढलं जाई. टाके सैल झाले की नंबर पुन्हा बदले. १९६७ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची फेको पद्धत आणली. पुढे घडी होणारी भिंगं आली आणि छेद दोन-तीन मिलिमीटरवर आला. टाका सहसा लागत नाही. छेदाची जागा नीट निवडली, तर आधीचा थोडा सिलिंडर कमीही करता येतो. तो जास्त असेल, तर टोरिक भिंगाचा पर्याय आहे.

दुसरा प्रश्न पारदर्शकतेचा. पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. प्रौढ वयात चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी. पंपासारखं पाणी बाहेर टाकून त्या पारपटल स्वच्छ ठेवतात. शस्त्रक्रियेत त्यातल्या काही पेशी जातातच, आणि गेलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत. दुसऱ्या दिवशी धूसर दिसतं, त्याचं एक कारण पारपटलाला आलेली सूज. बहुधा ती थोड्याच दिवसांत उतरते. पेशी फारच कमी उरल्या, तर मात्र सूज कायमची राहते आणि पारपटल बदलण्याची वेळ येऊ शकते.

म्हणूनच ‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ हा जुना सल्ला आता सोडून द्यायला हवा. मोतीबिंदू जितका कडक, तितकी तो फोडायला शक्ती जास्त आणि पेशींना धोकाही जास्त. रोजच्या कामात अडचण येऊ लागली, की डॉक्टरांना गाठावं.

आणखी तीन गोष्टी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर तपासणीआधी ती किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. तिच्यामुळे पारपटलाचं माप चुकू शकतं. पूर्वी लेसिक झालं असेल, तर आवर्जून सांगा. नव्या भिंगाच्या नंबराचं गणित त्यावर अवलंबून असतं. आणि चष्म्याची घाई नको. छेद भरून पारपटल स्थिरावायला काही आठवडे लागतात. त्यानंतरचाच नंबर खरा. मात्र डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अचानक कमी झाली, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)