बियाणे निवडताना बेणणी धरा
(मनवेलपाडा येथील बैठकीतील भाषण)



मनवेलपाड्याच्या खाचरांवर इमारती उठल्या. पालघर जिल्ह्यात ज्यांची भातशेती उरली आहे, त्यांना बेणणीला माणूस मिळत नाही. म्हणून आज बियाण्याविषयी बोलू.

आपल्या वाडवडिलांचे कोलम, झिणी उंच वाढायचे. सावली पडली की खालचे गवत दबायचे. पण युरिया दिला की तेच भात लोळायचे. १९६८ साली जया हे वाण निघाले. बुटके, सहसा न लोळणारे, खताला उतारा देणारे. आम्ही ते घेतले, त्याचे दुःख नाही. पण ताट बुटके झाले, ऊन जमिनीपर्यंत पोचले, खत तणानेही खाल्ले. वाढलेला उतारा आम्ही वहीत लिहिला. वाढलेली बेणणी बायकांच्या कमरेवर गेली, ती कुठेच लिहिली नाही.

लावणीत रोप तणाच्या २०-२५ दिवस पुढे असते. चिखलणीने आणि साठलेल्या पाण्यानेही तण दबते. मजूर नाही म्हणून पेरभात केले, तर ही आघाडी जाते. तिथे लवकर उगवणारे, भराभर फुटवे धरणारे, पान पसरणारे वाणच हवे.

दुकानात एकरी उतारा विचारता, तसे ‘महिन्याभरात जमीन झाकते का?’ हेही विचारा. येत्या खरिपात एकाच खाचरात दोन वाण शेजारी लावा. दोन्हींच्या बेणणीचे दिवस मोजा, घरच्या बाईचा रोजही धरा. ती वही पुढच्या बैठकीला आणा. भाव मागायला उभे राहू, तेव्हा खरा उत्पादनखर्च आपल्या हातात पाहिजे.