पितळी लोकलमध्ये दिवे लावताना

मागच्या भागात पत्रा कापून, सोल्डर करून डब्याचा सांगाडा उभा केला होता. आज दिवे आणि शेवटचा हात.

बरेच जण विचारतात, पुसदमध्ये बसून मुंबईची लोकल कशाला? अहो, या तालुक्यानं महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, पण रेल्वे अजून यायचीच आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. आमचा नंबर लागेल तेव्हा लागेल. तोवर फळीवरची गाडी. आणि मी करतोय ती पिवळी-चॉकलेटी डीसी लोकल आता मुंबईतही दिसत नाही. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर 1500 व्होल्ट डीसीवर पहिली विजेची गाडी धावली, आणि त्याच हार्बरवर 9 एप्रिल 2016 ला शेवटची डीसी लोकल गेली. म्हणजे शंका आली तर जाऊन बघून येऊ, ही सोय संपली. जे आठवतंय ते आत्ताच डब्यात उतरवायचं.

आता मुद्दा. प्लॅस्टिकच्या डब्यात वायर कुठेही चिकटवली तरी चालते. पितळेत नाही. अख्खा डबाच वीज वाहून नेतो. बऱ्याच पितळी मॉडेलांमध्ये एका बाजूच्या चाकांचा करंट थेट बॉडीत आलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या बाजूची वायर सोलून पत्र्याला टेकली, की झालं शॉर्ट. अजून एक गंमत: एका डब्याची बॉडी डाव्या रुळाला आणि दुसऱ्याची उजव्या रुळाला जोडलेली असेल, तर मधला धातूचा कपलरच शॉर्ट करतो. म्हणून डबे जोडण्याआधी प्रत्येक डबा मल्टिमीटरवर तपासा. छताच्या आतून कॅप्टन टेप लावा, मगच एलईडी.

हिशेब सोपा आहे. रुळावर 12 व्होल्ट. ब्रिज रेक्टिफायर 1.4 खातो, तो हवाच, नाहीतर गाडी उलटी फिरली की डब्यात अंधार. दोन पांढरे एलईडी एकामागे एक लावले की साधारण 6.4. उरले 4.2. पाच मिलिअँपिअर हवेत, म्हणजे 840 ओहम. दुकानात 820 चा मिळतो, तो घ्या. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा मात्र रेक्टिफायरच्या आधी जोडायचे, दिशेप्रमाणे पेटावेत म्हणून. तिथे प्रत्येकासोबत रेझिस्टर आणि एक साधा डायोड लागतोच, कारण एलईडीला उलटा दाब सोसत नाही.

दिवे लुकलुकतात म्हणून लोक मोठे कपॅसिटर भरतात. मी छोटाच ठेवतो. एसी-डीसी बदलताना लोकलचे दिवे-पंखे क्षणभर जायचे, आठवतं ना? थोडं लुकलुकू द्या की.

खरी मेहनत दाराशी आहे. परदेशी गाड्यांची दारं बंद, काचा गडद, आत काही नसलं तरी खपतं. आपल्या लोकलची दारं सताड उघडी. दिवा लागला की दारातून सगळं दिसतं: न रंगवलेलं पितळ, सोल्डरचे गोळे, लोंबणारी वायर. म्हणून आतली बाजू आधी रंगवायची. 1:87 मापात डब्याची रुंदी 42 मिलिमीटर, त्यात बाकं, मधला खांब, वरच्या कड्या. कड्यांसाठी मी जुन्या वायरीतली तांब्याची तार वळवतो. दारात उभी माणसं हवीतच. रिकामी लोकल कुणी पाहिलीय?

आणि क्रम पाळा. दिव्यांच्या खाचा, वायरीची भोकं, सगळं सोल्डरिंग आधी. मग चिंचेनं घासून, साबणाच्या पाण्यानं धुवून, पूर्ण वाळवून प्रायमर. पितांबरीही चालेल, पण पावडर कोपऱ्यांत अडकते, ती जुन्या टूथब्रशनं काढा. रंग दिल्यावर पितळेला इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची हो, लावायची नाही. पितळ उष्णता लांबवर नेतं आणि चार इंचांवरचा रंग फुगतो. छताच्या आत काळा रंग दोन हात द्या, नाहीतर सांध्यांतून उजेड झिरपतो.

दिव्याचा रंग? या जुन्या गाडीला पिवळसरच. थंड पांढरा लावलात तर ती नव्या गाड्यांसारखी दिसेल.

पुढच्या भागात पँटोग्राफ. तार किती जाडीची, ते तेव्हा सांगतो.