विषय नको, समस्या द्या

मुंबईच्या वर्सोव्यात लिहून पोट भरणाऱ्यांची वस्ती दाट आहे. सात बंगला, यारी रोड, आराम नगर या पट्ट्यात मालिकांचे भाग, जाहिरातींच्या ओळी, चालीवर बसवायची गाणी असे दुसऱ्याने मागितलेले लेखन रोज होते. त्यांच्याच शेजारी हौसेने लिहिणाऱ्यांची संख्याही वाढते आहे, आणि त्यांच्यात एक नवी रीत रुळली आहे. कुणीतरी एखादा शब्द किंवा चित्र द्यायचे आणि बाकीच्यांनी त्यावरून कविता किंवा गोष्ट लिहायची. शतशब्दकथा, अलक म्हणजे अति लघुकथा, चारोळी हे प्रकार अशा आव्हानांवरच पोसले आहेत. मंडळांच्या आणि महाविद्यालयांच्या स्पर्धाही याच वाटेने चालतात. यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, हा नुसता खेळ आहे; मागणीवरून साहित्य होत नसते. दुसरे म्हणते, निदान हात चालतो, मग बिघडले कुठे? मला दोन्ही मते अपुरी वाटतात. दिलेल्यावरून लिहिण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र लिहिणाऱ्याला आज जे दिले जाते, ते बहुतेक वेळा चुकीचे असते.

ही रीत नवी नाही, हे आधी पाहू. कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे, तिच्यात काव्यसमस्यापूरण ही एक कला म्हणून नोंदलेली आहे. श्लोकाचा एक चरण द्यायचा आणि कवीने उरलेले चरण रचून तो अर्थपूर्ण करायचा, असा तो प्रकार. भोज आणि कालिदास यांच्याभोवती जमलेल्या आख्यायिकांत एक समस्या प्रसिद्ध आहे. तिच्यात शब्दच नाहीत, नुसता ठणठणाट आहे. अक्षरांतून निघणारा एक आवाज. कवी त्या आवाजाला एक जिना देतो, सोन्याचा घडा देतो आणि तो जिच्या हातून निसटला ती तरुणी देतो. घडा पायरीपायरीने खाली घरंगळतो आणि निरर्थक अक्षरांना अर्थ येतो. आख्यायिका ऐतिहासिक नसेल, पण तिच्यातली पद्धत फार मोलाची आहे. कवीला इथे एक परिणाम दिला गेला होता आणि त्याने कारण शोधले. आवाज दुसऱ्याचा होता, पण निसटलेला हात त्याने स्वतः पाहिला.

लिहिणाऱ्याला बाहेरून तीन प्रकारच्या गोष्टी देता येतात. विषय देता येतो, म्हणजे कशाबद्दल लिहायचे ते. उदाहरणार्थ पाऊस, आई, मैत्री, समुद्र. अट घालता येते, म्हणजे कसे लिहायचे ते. शंभरच शब्द, चारच ओळी, अमुकच वृत्त. आणि समस्या देता येते, म्हणजे घडून गेलेली एक गोष्ट समोर ठेवून ती का घडली, हे विचारता येते. विषय दिला की मन आधीच साठवलेल्या वाक्यांकडे धावते. ‘पाऊस’ म्हटल्यावर मातीचा वास, कागदी होड्या आणि भिजलेली आठवण आपोआप येते, कारण ती आपण शाळेच्या निबंधातच पाठ केलेली असते. समस्येचे उत्तर असे पाठ करता येत नाही. तिथे माणूस शोधावा लागतो, त्याचा हेतू शोधावा लागतो. गोष्ट तिथूनच सुरू होते.

जगप्रसिद्ध उदाहरण घ्यायचे तर 1816 च्या उन्हाळ्यातले आहे. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने अडकलेल्या मित्रमंडळींना लॉर्ड बायरनने सुचवले, की प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी. बायरनने एक तुकडा लिहून सोडून दिला, कवी शेलीनेही सुरुवात करून नाद सोडला. त्याची सोबतीण मेरी, म्हणजे पुढची मेरी शेली, अठरा वर्षांची होती. सकाळी तिला विचारले जाई आणि तिला नाही म्हणावे लागे, असे तिनेच पुढे 1831 च्या प्रस्तावनेत सांगितले आहे. भुताची गोष्ट हा विषय तिला काहीच देत नव्हता. मग निर्जीव देहात जीव घालता येईल का, अशी चर्चा तिने ऐकली आणि त्या रात्री तिच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले: माणसाने घडवलेला देह हलतो आहे, आणि घडवणारा त्याला भिऊन पळतो आहे. आपण निर्मिले त्यालाच निर्माता का भ्यावा? विषयाची समस्या झाली आणि 1818 मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ छापून आले.

मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्या आकाशवाणीचेच आहे. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक गीत असे वर्षभर चालायचे होते. त्या वर्षी अधिक महिना आल्याने गीते 56 झाली. मागितलेले लेखन, तेही आठवड्याच्या मुदतीत. शिवाय कथा घरोघरी पाठ. कैकेयी वर मागणार, राम वनात जाणार, सीता हरवणार, यातले काहीही बदलण्याची कवीला मुभा नव्हती. म्हणजे परिणाम सगळे आधीच ठरलेले होते. कवीकडे उरला तो एकच प्रश्न: त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काय चालले असेल? म्हणून त्यांनी कथा निवेदकाकडे न सोपवता प्रसंगातल्या पात्रांच्या तोंडी दिली. आरंभीच राम स्वतःचे चरित्र स्वतःच्या मुलांच्या तोंडून ऐकतो. चित्रपटासाठी प्रसंगानुरूप लिहिण्याची सवय इथे त्यांच्या कामी आली असणार. आज वर्सोव्यातला गीतकार ज्याला ‘सिच्युएशन’ म्हणतो, तिच्यावर लिहिण्यात हलकेपणा असेल, तर गीतरामायणही हलके म्हणावे लागेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. कविता स्फुरावी लागते, ती मागून मिळत नाही. पण स्फूर्ती आणि बंधन यांचे वैर आहे, असे आपल्या काव्येतिहासावरून दिसत नाही. आत्मनिष्ठ कवितेचे आद्य नाव केशवसुतांचे. त्यांनीच 1892 मध्ये चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले. ओळींची संख्या परक्या देशातून ठरून आली होती, तिच्यात ओतलेले मन मात्र त्यांचे होते. स्फूर्ती कुठून येते, हे कुणी सांगू शकत नाही. ती आली तेव्हा लिहिणारा जागेवर बसलेला असावा, एवढेच आपल्या हाती असते, आणि आव्हान त्याला जागेवर बसवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशाने कसरत वाढते, काव्य नव्हे. हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने शब्दचमत्कृतीच्या चित्रकाव्याला खालची पायरी दिली, ती उगाच नाही. अठराव्या शतकात बारामतीच्या मोरोपंतांनी तऱ्हेतऱ्हेच्या अटी घालून 108 रामायणे रचली. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटावे लागतील अशी अक्षरे वर्ज्य आहेत. म्हणजे रामायण सांगायचे आणि ‘राम’ म्हणायचे नाही! फ्रान्सच्या जॉर्ज पेरेकने 1969 मध्ये ‘ई’ हे अक्षर न वापरता कादंबरी लिहिली, त्याचे आपल्याला अप्रूप वाटते. मोरोपंत त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. पण आज वाचक मोरोपंतांकडे जातो तो ‘केकावली’साठी. केकावलीलाही पृथ्वी वृत्ताचे बंधन आहेच. फरक असा, की तिथे एक आर्त माणूस देवाशी भांडतो आहे आणि वृत्त त्याच्या सेवेला आहे. नुसती अट लिहिणाऱ्याचे कौशल्य दाखवते. तिच्या मागे ‘का’ नसेल तर वाचकाच्या हाती काही लागत नाही. लग्नातल्या उखाण्यांचेही तसेच. जोडीदाराचे नाव आधीच ठरलेले असते. पहिली ओळ नुसत्या यमकासाठी जोडली तर ऐकणारे सवयीने हसतात, आणि त्या नावाशी, त्या घराशी तिचा खरा संबंध असला तर सगळा मांडव कान टवकारतो.

तिसरा आक्षेप अनुभवाच्या बाजूने येतो. ज्याच्या पोटात आग आहे त्याला कुणी आव्हान द्यावे लागत नाही. आव्हाने ही भरल्या पोटाची करमणूक आहे. लेखनाची गरज बाहेरून देता येत नाही, हे खरेच. पण गरज असलेल्यालाही बसायला एक चौकट लागते. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी ‘माझी मैना’ ही छक्कड लिहिली, तेव्हा प्रिया गावी आणि नवरा मुंबईत हा लावणीचा जुना, परंपरेने हाती दिलेला प्रसंगच त्यांनी घेतला. त्या विरहाचे कारण शोधता शोधता ती रचना बेळगाव-कारवारच्या दुराव्यापर्यंत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत पोचली. प्रसंग दिलेला होता, कारण त्यांचे होते.

उरतो तो एकसुरीपणाचा आक्षेप: वीसजणांना एकच ओळ दिली तर वीस सारख्याच गोष्टी येतील. विषय दिला तर येतील, समस्या दिली तर सहसा येणार नाहीत. वेसावे कोळीवाड्याजवळ राहणाऱ्यांना ‘समुद्र’ हा विषय द्या. लाटा, क्षितिज आणि एकटेपणा ठरलेला. त्याऐवजी असे द्या: पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला संपली, नारळी पौर्णिमेला नारळही वाहून झाला, सगळ्या होड्या गेल्या, पण एक किनाऱ्यालाच राहिली. का राहिली? कुणाला कर्ज दिसेल, कुणाला खलाशांची टंचाई, कुणाला भावाभावांतला वाद, कुणाला समुद्रावर न जाण्याची शपथ. किंवा असे: वर्सोवा हे मेट्रोचे शेवटचे स्थानक, डबा रिकामा झाला, पण एक बाई उतरली नाही. या दोन ओळींत अवघड शब्द नाही, पण उत्तर द्यायला आसपासचे जगणे माहीत असावे लागते. नसेल तर चौकशी करावी लागते, आणि ती चौकशी हेच लेखकाचे खरे शिक्षण.

दिलेल्यावरून झालेल्या लेखनाची कसोटीही यातूनच निघते. लिहून झाल्यावर दिलेली ओळ, शब्द, शंभराची मर्यादा, सारे विसरून, स्पर्धेचे नावही झाकून मजकूर वाचावा. तरीही तो उभा राहिला तर ते साहित्य. कोसळला तर तो सराव होता, आणि सरावाचीही लाज वाटायला नको. म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना, शिक्षकांना, दिवाळी अंकांच्या संपादकांना विनंती आहे: पुढच्या स्पर्धेच्या जाहिरातीत ‘विषय’ हा रकाना ठेवू नका. तिथे घडून गेलेल्या गोष्टीची एक अपुरी ओळ छापा आणि तिचे कारण लिहिणाऱ्यांना शोधू द्या.