ज्यांच्या हाती काटा आहे

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाळक मंडळी, नांदेड आणि लातूरच्या मंडळ्यांतील बंधुभगिनींनो, आणि पुणे, अहिल्यानगर, जालना, सोलापूर, बिदर अशा दुरून दुरून उन्हाचा प्रवास करून आलेल्या पाहुण्यांनो,

स्वागत समितीच्या वतीने आणि माझ्या लातूर गावाच्या वतीने मी तुमचे मनापासून स्वागत करतो. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. आमची तीन पिढ्यांची आडत आहे, घर वारकरी आहे. संयोजकांनी स्वागताध्यक्षपदासाठी विचारले, तेव्हा विषय ऐकला: पवित्र शास्त्रातील संदेष्टे, देवाचा न्याय, खरी उपासना आणि अंतःकरणाचे नवे होणे. एवढ्या मोठ्या विषयाच्या दारात उभे राहण्याचा मान मला दिलात, हे मी भाग्य समजतो.

पाहुण्यांना आधी आमचे गाव सांगू द्या. लातूर म्हटले की बाहेरच्यांना दोनच गोष्टी आठवतात, दहावी-बारावीचा लातूर पॅटर्न आणि पाण्याची रेल्वे. पण राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, ते लट्टलूर म्हणजे हेच गाव. नवव्या शतकातला सम्राट अमोघवर्ष याच घराण्यातला. पापविनाशक मंदिरातला शिलालेख शके 1049 चा, चालुक्य राजा सोमेश्वराच्या काळातला. या गावात तेव्हा पाचशे विद्वान राहत होते असे त्यात नोंदले आहे. आज आमच्या शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांतून संध्याकाळी हजारो मुले पाठीला दप्तर लावून चालताना दिसतात, तेव्हा मला तो शिलालेख आठवतो. विद्येची ही आवड आमच्या मातीत फार जुनी आहे.

आणि आता ज्याविषयी बोलायला मला कुणी वेळ देत नाही, ते फय्याजुद्दीन. तुम्ही स्टेशनवरून आलात, तर रिक्षावाल्याने तुम्हाला गंजगोलाईवरून आणले असेल. नसेल आणले, तर उद्या सकाळी न चुकता जा. मधोमध अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती दुमजली गोल इमारत, आणि त्या गोलातून निघालेले सोळा रस्ते. एका रस्त्यावर सराफा, एकावर चपला-जोडे, एकावर मिरची, एकावर गूळ. 1917 सालची ही रचना. आखली ती फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने. काळ निजामाचा. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 साली लातूरला पोचली होती आणि गावात माल येऊन पडू लागला होता. अशा वेळी पेठ जशी वाढेल तशी वाढू देणे सोपे होते. या माणसाने तसे केले नाही. कोणत्याही खेड्यातून बैलगाडी आली तरी ती सरळ बाजाराच्या पोटात यावी, आणि कोणताही रस्ता दुसऱ्यापेक्षा उणा पडू नये, अशी त्याने आखणी केली. औशाहून आलेल्याचा मान आणि उदगीरहून आलेल्याचा मान सारखाच. एका मुसलमान रचनाकाराने देवीच्या देवळाभोवती पेठ आखली आणि शंभर वर्षांहून जास्त काळ त्या पेठेने सगळ्या जातीधर्मांची चूल पेटती ठेवली. आडतीवरच्या तरुण मुलांना त्या रचनाकाराचे नाव विचारा, सांगणारे थोडेच भेटतील. माझे वडील गोलाईतून जाताना ते नाव घेत, म्हणून ते मला ठाऊक आहे. आज इतक्या मोठ्या सभेपुढे मी ते घेतो आहे, आणि माझ्या दृष्टीने स्वागताध्यक्षपदाचे अर्धे काम तेवढ्यानेच झाले.

नांदेडच्या मंडळींनी या परिषदेत बरोबरीचा वाटा उचलला आहे, त्यांच्या गावाविषयीही दोन शब्द. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी गोदावरीकाठी देह ठेवला, आणि आपल्यामागे गुरुपद कुणा माणसाला न देता ग्रंथसाहिबाला दिले. त्या ग्रंथात आमच्या नामदेव महाराजांची एकसष्ट पदे आहेत. ज्या गावात शब्दाला गादी मिळाली, त्या गावची माणसे संदेष्ट्यांच्या शब्दाचा अभ्यास करायला आली आहेत, हे मला फार उचित वाटते. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेचे पीपल्स कॉलेज आणि त्या कॉलेजातले नरहर कुरुंदकर यांची नावे घेतली की नांदेडकरांची मान ताठ होते, आणि ती ताठ व्हावीच.

आता परिषदेच्या विषयाकडे. गेले काही आठवडे दुकान बंद झाल्यावर मी संदेष्ट्यांची पुस्तके वाचत बसतो. माझ्याकडे पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची प्रत आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून एका मराठी बाईने केलेले हे काम. केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकांनीच खिळे जुळवले, छापखाना चालवला, आणि रमाबाईंच्या निधनानंतर 1924 साली ग्रंथ बाहेर पडला. या सगळ्या पुस्तकांत माझे मन आमोसापाशी अडकले. तो तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या फळांची निगा राखणारा. त्याचे व्यापाऱ्यांविषयीचे बोल वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. सण कधी संपतो आणि धान्य विकायला कधी मोकळे होतो याची वाट पाहणारे लोक, लहान केलेले माप, जड केलेले वजन, खोटा काटा, आणि गव्हाबरोबर मातेरेही विकून टाकणे. अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आमच्या मोंढ्यात उभा राहून बोलतो आहे असे वाटले.

ज्यांनी मोंढा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सौदा झाला की हमाल माल काट्यावर चढवतात, मापाडी वजन सांगतो, पट्टी तयार होते. जमिनीवर थोडे धान्य सांडलेले राहते, मातीत मिसळलेले. ते मातेरे. खराटा आणि सूप घेऊन काही बाया ते गोळा करतात, पाखडतात, घरी नेतात. पूर्वी शेतकऱ्याच्या प्रत्येक पोत्यामागे कडता कापला जाई, ओलाव्याच्या नावाने, बारदानाच्या नावाने, आणखी कशाकशाच्या नावाने. आज इलेक्ट्रॉनिक काटे आले, पावत्या आल्या, पुष्कळ सुधारणा झाली. पण वर्षभर राबलेला कास्तकार काट्याच्या आकड्याकडे कसा बघतो, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तो आकड्याकडे कमी आणि मापाड्याच्या तोंडाकडे जास्त बघतो. देवाचा न्याय म्हणजे काय, हे मला आमोस वाचताना त्या नजरेतून कळले. न्यायाचा प्रश्न काट्यापुढे उभ्या असलेल्या कास्तकाराला नाही, ज्याच्या हाती काटा आहे त्याला विचारला जातो.

म्हणूनच हा संदेष्टा सणांवर आणि गीतांवर इतका चिडतो. त्याच्या काळी दुसऱ्या यराबामाचे राज्य भरभराटीत होते, बेथेलला यज्ञ जोरात चालले होते, वाद्ये वाजत होती. आमोस सांगतो की देवाला हा गलका नको आहे, न्याय पाण्यासारखा वाहता हवा आहे. बेथेलचा याजक अमस्या त्याला गावातून निघून जायला सांगतो. यशया पहिल्याच अध्यायात तेच सांगतो, की तुमचे सण पुरे झाले, आधी हात धुवा, पोरक्याला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. मलाखी विचारतो, आंधळे आणि लंगडे जनावर देवापुढे आणता, ते आपल्या सुभेदाराला नेऊन दाखवाल का? देवाला उरलेसुरले देऊ नये, हे आमच्या घरची म्हातारी माणसेही सांगत. उपासना खरी की खोटी हे देवळात किंवा चर्चमध्ये ठरत नाही, आदल्या दिवशी बाजारात काय केले त्यावर ठरते, असा या सगळ्यांचा एकमुखी निवाडा आहे. तो मला संपूर्ण मान्य आहे.

एक गोष्ट मात्र लातूर जिल्ह्याचा माणूस म्हणून बोललीच पाहिजे. आमोसाच्या पुस्तकाची सुरुवातच, भूकंपाच्या दोन वर्षे आधी, अशी होते. उज्जीया राजाच्या काळातला तो भूकंप एवढा मोठा होता की जखऱ्याच्या पुस्तकातही त्याची आठवण निघते. आमचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांचा. अनंत चतुर्दशी आटोपून गावे झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यानंतर कितीतरी दिवस चांगल्या चांगल्या माणसांच्या तोंडून मी ऐकले, की पाप वाढले होते, देवाचा कोप झाला. आजही ऐकू येते. या परिषदेत न्यायाची चर्चा होणार आहे, म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की हे वाक्य कुणीही आमच्या मेलेल्यांवर ठेवू नये.

ती घरे आम्ही पाहिली होती. दोन बाजूंनी गोटे रचायचे, मधे माती भरायची, भिंत अशी की खिडकीच्या खोबणीत माणूस बसावा. वर माळवद, आणि गळती लागली की दरवर्षी त्यावर मातीचा आणखी एक थर. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून बापजाद्यांनी काढलेली ही युक्ती. त्या रात्री त्याच भिंती बाहेर फुटल्या आणि तेच माळवद अंगावर आले. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि दगडांनी माणसे मारली. आमोसाचा राग कुणावर आहे? घडीव दगडांच्या वाड्यांवर, हस्तिदंती महालांवर, हिवाळ्याचे घर वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे असणाऱ्यांवर. मातीत दगड रचून राहणाऱ्या गरिबावर कोणत्याही संदेष्ट्याने बोट रोखलेले मला सापडले नाही. भूकंपाने आमचा न्याय केला असेलच, तर तो वाचलेल्यांचा केला. पुढचे काम आम्ही कसे केले, मदतीचे वाटप करताना आमचा काटा खरा होता का, एवढेच त्यात पाहिले जाणार.

त्या कामात चांगली माणसेही पुष्कळ होती. शांतिलाल मुथ्था यांनी भारतीय जैन संघटनेतर्फे भूकंपग्रस्त बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोलीला शिक्षणासाठी नेले. राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गला पोरक्या मुलांसाठी 'आपलं घर' उभे केले. यशयाने सांगितलेली उपासना हीच, असे मी समजतो. केडगावला 1905 साली जे मोठे आध्यात्मिक जागरण झाले, त्याच्या कथा तुम्ही मंडळी माझ्यापेक्षा जास्त जाणता. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या घरात ते घडले त्या घरात दुष्काळातून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा आधीपासून जेवत होत्या, अक्षर गिरवत होत्या, धंदा शिकत होत्या. आमच्या मराठवाड्यातही जालन्याजवळ बेथेल आहे. 1843 साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते वसवले. संदेष्ट्याला हाकलून देणाऱ्या गावाचे नाव त्यांनी आपल्या वस्तीला दिले आणि तिथे गरिबांना विहिरी, शेती आणि शाळा देण्याची उमेद धरली. जालन्याच्या पाहुण्यांनी याविषयी सविस्तर बोलावे अशी माझी इच्छा आहे.

योएल सांगतो की वस्त्रे फाडू नका, अंतःकरण फाडा. तो दुष्काळ आणि टोळधाडीच्या दिवसांत बोलतो. एका शेतात पाऊस आणि शेजारच्यात नाही, हे आमोसाने लिहिले, आम्ही ते दर मृगात बघतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकूण पाच लाख लिटर पाणी. ते स्टेशनवर पोचले तेव्हा लोक नुसते बघायला जमले होते. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या विहिरीला पाणी होते त्यांच्यापैकी काहींनी ते फुकट वाटले आणि काहींनी विकले. गाव दोघांनाही ओळखून आहे.

हे झाले माझे अल्प वाचन. आता व्यवस्थेविषयी बोलतो, कारण काळजी मला त्याचीच आहे. पाहुण्यांची सोय वसतिगृहात केली आहे. खोल्या लहान आहेत, एका खोलीत चौघांना राहावे लागेल. वयस्कर पाळकांसाठी आणि लहान मुले असलेल्या भगिनींसाठी तळमजला राखून ठेवला आहे. पाणी टँकरने येते, सकाळी सहा ते आठ आंघोळीसाठी आणि पिण्याचे जार दिवसभर. गैरसोय होईल, ती पोटात घाला. काल रात्री उशिरा पोचलेल्या मंडळींना जेवण गार मिळाले, त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. मांडवात पंखे कमी पडत आहेत, आणखी मागवले आहेत, दुपारच्या सत्राआधी लागतील. जेवण आमच्या भागातले आहे: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तुरीचे वरण, उद्या गुळाची पोळी. तिखट सोसत नसेल त्यांनी वाढप्यांना सांगावे, वेगळी भाजी केलेली आहे.

मांडवाचा सगळा खर्च एका जुन्या आडत दुकानदारांनी केला आणि नाव घेऊ नका असे बजावले. तूर डाळ दालमिलच्या मालकांनी पाठवली, भाकरीचे पीठ गिरणीवाल्यांनी मजुरी न घेता दळून दिले. मोठी पातेली आणि परातीची गाडी नांदेडकरांनी आणली, स्वयंपाकाला तिथल्या मंडळीतल्या भगिनी आल्या आहेत. हमाल आणि मापाडी बांधवांनी काल दिवसाचे काम संपवून रात्री या खुर्च्या उतरवल्या आणि एक पैसाही घेतला नाही. गोलाईतल्या एका मुसलमान कापड व्यापाऱ्यांनी गाद्यांचे पलंगपोस दिले. मोंढ्यात मातेरे गोळा करणाऱ्या एका मावशींनी परवा दुकानात येऊन परिषदेच्या जेवणासाठी दोन किलो पाखडलेली ज्वारी दिली. ती कोठीत स्वतंत्र लिहून घेतली आहे, इतर देणग्यांच्या बरोबरीने आणि त्याच वहीत. ज्यांचे नाव राहिले असेल त्यांनी राग धरू नये, आभाराच्या दिवशी भरपाई करू.

पहिले सत्र दहा वाजता आहे आणि माझ्यामुळे दहा मिनिटे उशीर झाला आहे. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करून मी अध्यक्ष महाराजांना विनंती करतो की त्यांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत.